पायथ्याशी उभा राहणारा नायक

आपल्या धर्मग्रामांत असे घर क्वचितच सापडेल, की ज्या घरातील माणसांनी रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या ‘कॅज्युअल्टी’चे दार पाहिलेले नाही. वडिलांच्या छातीत कळ येते, मुलाची मोटारसायकल महामार्गावर घसरते, सुनेला अवेळी वेणा सुरू होतात आणि अवघे घर त्या दाराशी येऊन थांबते. स्ट्रेचर आत जाते, दार लोटले जाते आणि बाहेरच्या बाकावर आपण जपमाळेचे मणी ओढीत बसून राहतो. आत काय चालले आहे, हे आपणांस ठाऊक नसते. कुणी धावत बाहेर येतो आणि रक्ताची पिशवी घेऊन धावतच आत जातो, एवढेच काय ते आपल्या दृष्टीस पडते.

त्या लोटलेल्या दाराआडच्या इतिहासातील काही पाने आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. औषधांचा वा यंत्रांचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतू नाही. आमच्या मनात एकच प्रश्न आहे. आत डॉक्टर असतात, परिचारिका असतात, क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावशी, रुग्णवाहिकेचा चालक असे अनेकजण असतात. ही माणसे निरनिराळ्या शाळांत शिकलेली, निरनिराळा पगार आणि निरनिराळा मान घेणारी. पुष्कळदा त्या रात्रीपूर्वी ती एकमेकांशी बोललेलीही नसतात. तरीही मृत्यूच्या उंबरठ्यावरील एका जिवाभोवती त्यांना काही क्षणांत एकजीव व्हावे लागते. अशा मंडळींचे नेतृत्व कोणी करावे आणि कसे करावे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर सापडण्यास काही शतके लागली आणि त्यासाठी अनेकांना प्राणांचे मोल द्यावे लागले.

सैनिकाच्या जखमेतून

आरंभ एका संतापासून करणे उचित ठरेल. संत कमिलस द लेलिस यांचा जन्म १५५० साली इटलीतील बुक्कियानिको या गावी झाला. तरुणपणी ते सैनिक होते आणि पट्टीचे जुगारीही होते. जुगारात त्यांनी आपले सर्वस्व घालविले. पायाला झालेली एक जखम आयुष्यभर बरी झाली नाही. त्या जखमेपायी ते रोममधील सान जाकोमो रुग्णालयात गेले आणि भांडखोर स्वभावामुळे तेथून काढलेही गेले. १५७५ साली त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. कपुचिन संघात प्रवेश घेण्याची त्यांची तळमळ होती, परंतु तीच जखम आड आली. ते पुन्हा सान जाकोमोत परतले आणि पुढे तेथील व्यवस्थापक झाले.

व्यवस्थापक या नात्याने त्यांनी जे पाहिले, ते विदारक होते. रुग्णांची सेवा पोटार्थी मोलकऱ्यांच्या हाती होती. मरणासन्न माणसाकडे वेळीच लक्ष देईल असा कोणी नव्हता. केवळ हुकूम सोडून ही स्थिती पालटणार नाही, हे त्यांनी ओळखले. १५८२ साली त्यांच्या मनात सेवकांच्या एका मेळ्याची कल्पना आली. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्या मेळ्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची अनुमतीही मिळाली. १५९१ साली त्याचा रीतसर संघ झाला. स्वतःच्या जिवाला धोका असला तरी रुग्णांची सेवा करू, असे चौथे व्रत या संघाचे सदस्य घेत. १५९५ साली आणि पुन्हा १६०१ साली या संघाचे सेवक सैन्याबरोबर रणभूमीवर गेले. आजचा जगप्रसिद्ध रेड क्रॉस जन्माला येण्यापूर्वी अडीच शतके तांबडा क्रूस ल्यालेली ही माणसे जखमींमध्ये वावरत होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने कमिलस यांच्या चरित्रातील दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक अशी, की रुग्ण हा आपला धनी आहे आणि आपण त्याचे चाकर आहोत, ही भावना त्यांनी आपल्या सहकाऱ्यांत रुजविली. संस्थापक, धर्मगुरू आणि साधा बंधू या सर्वांच्या वर खाटेवरचा आजारी माणूस बसविला गेला. दुसरी अशी, की १६०७ साली त्यांनी संघप्रमुखाचे पद सोडले आणि १६१४ साली देह ठेवीपर्यंत ते रुग्णांच्या सेवेत राहिले. पोप लिओ तेरावे यांनी १८८६ साली त्यांना रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

हुद्दा आणि जखम

यानंतर दोनशे वर्षांनी फ्रान्सच्या सैन्यात एक तरुण शल्यचिकित्सक दाखल झाला. त्याचे नाव दोमिनिक जां लारे. १७९२ साली ऱ्हाइन नदीच्या आघाडीवर त्याने पाहिले, की जखमींना उचलणाऱ्या गाड्या नियमाप्रमाणे लढाईपासून कोसभर मागे थांबतात आणि लढाई संपल्यावर सावकाश पुढे येतात. तोवर कित्येकांचा प्राण गेलेला असे. घोड्यांवरून वेगाने फिरणाऱ्या तोफखान्याकडे पाहून त्याला कल्पना सुचली. तोफ जर धावू शकते, तर दवाखाना का धावू नये? त्याने हलक्या, स्प्रिंग बसविलेल्या गाड्या तयार करविल्या आणि त्यांना ‘उडती रुग्णवाहिका’ असे नाव पडले.

परंतु गाडीपेक्षाही महत्त्वाची होती ती गाडीबरोबरची माणसे. शल्यचिकित्सक, त्यांचे साहाय्यक, सामान सांभाळणारा अंमलदार, गाडीवान, मलमपट्ट्या वाहणारा ढोलवाला पोर अशा नानाविध माणसांची ती तुकडी होती. प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असे. निरनिराळ्या कसबांच्या माणसांना एका प्रमुखाच्या हाताखाली आणून जखमीपर्यंत नेण्याचा हा एक मोठा संघटित प्रयत्न होता.

लारे यांनी आणखी एक नियम घालून दिला आणि तो त्या काळी धाडसाचा होता. ज्याची जखम अधिक गंभीर, त्याच्यावर प्रथम उपचार. मग तो सेनापती असो वा शिपाई. हुद्दा पाहायचा नाही. शत्रूच्या जखमींनाही त्यांनी हात दिला. निवड करण्याच्या या पद्धतीला आज सर्व जगात ‘ट्रियाज’ असे म्हणतात आणि तो शब्दही फ्रेंच भाषेतूनच आला आहे. नेपोलियनने आपल्या मृत्युपत्रात लारे यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेला सर्वांत सद्गुणी मनुष्य असा त्यांचा गौरव केला.

येथे मात्र एका उणिवेची नोंद केली पाहिजे. रुग्णांचा हुद्दा लारे यांनी पुसला, परंतु उपचार करणाऱ्यांमधील हुद्दा तसाच राहिला. १८१२ साली बोरोदिनोच्या लढाईत लारे यांनी चोवीस तासांत सुमारे दोनशे अवयवच्छेदाच्या शस्त्रक्रिया स्वतःच्या हातांनी केल्या. तो पराक्रम थोरच होता. तथापि त्या चित्रातील प्रमुख म्हणजे सर्वांत कुशल हात आणि बाकीचे सारे त्या हाताला हत्यार देणारे. पुढील दीडशे वर्षे रुग्णालयांतून हेच चित्र मुरत गेले.

ज्याला कोणी धनी नाही असा विभाग

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांत विद्वान डॉक्टरांची दालने उभी राहिली, परंतु दाराजवळचा अपघात विभाग पोरका होता. इंग्लंडात आणि अमेरिकेत तेथे सामान्यतः सर्वांत नवखा डॉक्टर बसविला जाई. वरिष्ठ मंडळी आपापल्या वॉर्डात असत. म्हणजे सर्वांत कठीण प्रसंगी सर्वांत अननुभवी माणूस प्रमुख, अशी उफराटी व्यवस्था होती. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेली परिचारिका पुष्कळदा त्या नवख्या डॉक्टरला सांभाळून घेई. तिचे ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडे, मात्र त्याची नोंद कोठेही होत नसे.

हळूहळू काही माणसांनी या पोरक्या विभागाला आपले म्हटले. इंग्लंडातील लीड्स येथे १९५२ साली मॉरिस एलिस हे कॅज्युअल्टी विभागाचे पूर्णवेळ वरिष्ठ तज्ज्ञ झाले. १९६२ सालच्या प्लॅट समितीच्या अहवालाने या विभागांची हलाखी शासनापुढे मांडली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे १९६१ साली जेम्स मिल्स आणि त्यांचे तीन सहकारी यांनी आपला खासगी व्यवसाय बाजूला ठेवून केवळ तातडीचे रुग्ण पाहण्याचे ठरविले. चौघांनी मिळून चोवीस तासांची पाळी वाटून घेतली. १९६८ साली अमेरिकेत अशा डॉक्टरांची संघटना स्थापन झाली, १९७० साली सिनसिनाटी येथे या शाखेचे पहिले पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले आणि १९७९ साली ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली.

या काळात परिचारिकाही मागे नव्हत्या. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे ॲनिटा डॉर नावाच्या परिचारिका होत्या. हृदय बंद पडलेला रुग्ण आला, की एक वस्तू या कपाटात तर दुसरी त्या खोलीत, असे होऊन मोलाची मिनिटे वाया जातात, हे त्यांनी हेरले. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह आवश्यक वस्तूंची यादी केली आणि त्या सर्व एका चाकांच्या गाडीत क्रमाने रचल्या. त्या गाडीचा पहिला नमुना त्यांच्या पतीने घरी तयार केला. आज जगातील कोणत्याही रुग्णालयात धावत आणली जाणारी ‘क्रॅश कार्ट’ म्हणून आपण जी पाहतो, तिच्या इतिहासात या परिचारिकेचे स्थान मानाचे आहे. १९७० साली तातडीच्या सेवेतील परिचारिकांची संघटना ज्या दोघींच्या पुढाकाराने उभी राहिली, त्यांतील एक ॲनिटा डॉर या होत.

त्याच वर्षी, म्हणजे १९६७ साली, पिट्सबर्ग शहरात आणखी एक प्रयोग सुरू झाला. तेथील भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफार यांची लहानगी कन्या १९६६ साली दम्याच्या झटक्याने गेली होती. त्या काळी रुग्णाला पोलिसांच्या गाडीत घालून न्यायचे आणि वाटेत कोणीच काही करायचे नाही, अशी रीत होती. डॉ. साफार यांनी शहरातील एका गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांना हाताशी धरले. ज्यांना कोणी काम देत नव्हते, अशा या तरुणांना शेकडो तासांचे सखोल शिक्षण देण्यात आले. ‘फ्रीडम हाऊस’ ही त्यांची रुग्णवाहिका सेवा अल्पावधीत नावाजली गेली. तरीही रुग्णाला घेऊन रुग्णालयात शिरल्यावर या तरुणांकडे कामगार म्हणूनच पाहिले जाई आणि त्यांचे सांगणे कानावर घेण्यास अनेकजण तयार नसत. वाटेत रुग्णाला काय झाले, हे ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्याचेच कोणी ऐकत नाही! १९७५ साली शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. परंतु त्यांच्या अखेरच्या काळातील वैद्यकीय संचालिका डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या कामाच्या अनुभवावरून जे पाठ्यपुस्तक लिहिले, त्यावर पुढे रुग्णवाहिका सेवकांच्या पिढ्या घडल्या.

शेतात कोसळलेले विमान

१७ फेब्रुवारी १९७६ च्या संध्याकाळी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एक लहान विमान शेतात कोसळले. ते चालविणारे डॉ. जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तिघांची अवस्था गंभीर होती. स्वतः जखमी असलेल्या पित्याने त्या कडाक्याच्या थंडीत सुमारे आठ तास मुलांना जपले आणि अखेर रस्त्यावर जाऊन एक मोटार थांबविली. जवळच्या लहान रुग्णालयात ते पोहोचले तेव्हा दार बंद होते. दार उघडल्यावर तेथील मंडळी गोंधळून गेली. कोणी काय आधी करावे, याचा मेळच नव्हता. आपण शेतात, हाताशी काही नसताना जी काळजी घेतली, तिच्यापेक्षा रुग्णालयातील काळजी कमी प्रतीची असेल, तर चूक व्यवस्थेत आहे, असे डॉ. स्टायनर यांनी पुढे बोलून दाखविले.

दुःखाने खचून न जाता, किंवा त्या गावच्या डॉक्टरांना दूषणे देत न बसता, ते सहकाऱ्यांसह कामाला लागले. अपघातग्रस्ताकडे पाहण्याचा एक ठरावीक क्रम त्यांनी तयार केला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती, आणि त्यानंतर बाकी सर्व. १९७८ साली नेब्रास्कातील ऑबर्न येथे हा पहिला वर्ग झाला आणि १९८० साली अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने तो स्वीकारला. आज अनेक देशांत तो शिकविला जातो. त्याचा सर्वांत मोठा लाभ असा, की जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील अनोळखी डॉक्टर आणि परिचारिका एका खाटेभोवती जमल्या, तर त्यांच्याजवळ एक सामायिक भाषा असते. पुढची पायरी कोणती, हे सर्वांना ठाऊक असते. आणि एखादी पायरी चुकली, तर ती सर्वांत कनिष्ठालाही दिसते.

दिसते, हे खरे. परंतु ती चूक बोलून दाखविण्याची मुभा त्याला असते काय? येथे आमचा इतिहास एका निराळ्या क्षेत्राकडे वळतो.

न ऐकलेला आवाज

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन प्रचंड विमाने होती. त्यांतील एका विमानाचा कप्तान हा त्याच्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता आणि इतर वैमानिकांना शिकविणारा होता. त्याने उड्डाणास आरंभ केला. मागे बसलेल्या अभियंत्याने शंका विचारली, की समोरचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय? कप्तानाने ती शंका उडवून लावली. अभियंता गप्प बसला. काही क्षणांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

या आणि अशा अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा ध्यानी आले की विमाने पुष्कळदा यंत्राच्या दोषाने पडत नाहीत. खोलीतील एकाला धोका दिसलेला असतो, परंतु त्याचा आवाज प्रमुखापर्यंत पोहोचत नाही. १९७९ साली अमेरिकेत नासा या संस्थेने यावर परिषद भरविली आणि त्यानंतर वैमानिकांना एक नवे शिक्षण देण्यास सुरुवात झाली. कप्तानाने विचारावे, कनिष्ठाने निर्भयपणे सांगावे आणि सांगितलेले कप्तानाने मनावर घ्यावे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता.

वैद्यकाला हा धडा गिरविण्यास आणखी वेळ लागला. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यक संस्थेच्या एका अहवालाने सांगितले, की त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत. तो आकडा वाचून जग हादरले. परंतु आकड्यांपेक्षा एका घराची कथा मनाला अधिक भिडते.

मार्च २००५ मध्ये इंग्लंडात इलेन ब्रोमिली ही ३७ वर्षांची दोन मुलांची आई नाकाच्या एका साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद झाला. तेथे तीन अनुभवी डॉक्टर होते. घशातून नळी घालण्याच्या प्रयत्नात ते इतके गढून गेले, की वेळ किती उलटला याचे भान त्यांना राहिले नाही. परिचारिकांना मात्र काय करायला हवे ते उमगले होते. एकीने गळ्याला छेद देण्याची सामग्री आणून ठेवली. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट तयार करविली. परंतु डॉक्टरांच्या मुद्रा पाहून आपण उगाच घाई करीत आहोत की काय, असे तिला वाटले आणि तिने ती खाट रद्द केली. इलेन पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचे निधन झाले.

इलेन यांचे पती मार्टिन हे वैमानिक होते. आपल्या व्यवसायात अशा घटनेची चौकशी होते ती कुणाला शिक्षा करण्यासाठी नव्हे, तर पुन्हा असे घडू नये म्हणून, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सूड मागितला नाही. त्यांनी चौकशी मागितली आणि तिचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले केले. २००७ साली त्यांनी डॉक्टर, परिचारिका आणि मानवी वर्तनाचे अभ्यासक यांना एकत्र आणणारा एक गट स्थापन केला. पत्नीच्या मृत्यूशी संबंधित डॉक्टरांना त्यांनी क्षमा केली असे आम्ही म्हणणार नाही, कारण दुसऱ्याच्या अंतःकरणातील गोष्ट आपण सांगू नये. परंतु त्या डॉक्टरांनी काम सोडू नये आणि आपल्या अनुभवाने इतरांना शहाणे करावे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या धर्मात जिला आपण समेट म्हणतो, तिच्या फार जवळची ही वाट आहे.

दीपगृह

मग उत्तम प्रमुख कोणता? १९९९ साली इंग्लंडातील सायमन कूपर आणि ॲलन वेकलॅम यांनी, बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याची धडपड करणाऱ्या पथकांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की प्रमुख जेव्हा स्वतःच छाती दाबण्यात वा नळी घालण्यात गुंततो, तेव्हा त्याचे पथकावरचे लक्ष सुटते. जो एक पाऊल मागे उभा राहतो, सर्व पाहतो, कामे वाटून देतो, त्याचे पथक अधिक चांगले चालते. अशा नेतृत्वाला त्यांनी दीपगृहाची उपमा दिली. आपल्यापैकी कोळी बांधवांना ती उपमा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दीपगृह होडी वल्हवीत नाही. ते एका जागी उभे राहते, आणि म्हणूनच प्रत्येक होडीला आपली दिशा कळते.

आज जेथे हे शिक्षण नीट दिले जाते, तेथे काय घडते ते पाहावे. रुग्ण येण्यापूर्वीच पथक खाटेभोवती जमते. प्रत्येकजण आपले नाव आणि काम सांगतो. प्रमुख खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, कारण तेथून रुग्ण, यंत्रांचे पडदे आणि सर्वांचे हात दिसतात. रुग्णवाहिकेचा सेवक आपली हकीकत सांगत असता बाकीचे थांबून ऐकतात. ‘कोणीतरी इंजेक्शन द्या’ असे प्रमुख म्हणत नाही. तो नाव घेऊन सांगतो. ऐकणारी परिचारिका औषधाचे नाव व मात्रा मोठ्याने पुन्हा उच्चारते आणि दिल्यावर ‘दिले’ असे कळविते. मधेच प्रमुख विचारतो, की माझ्या नजरेतून काही सुटले आहे काय? कुणाला धोका दिसला, तर त्याने एकदा सांगावे आणि ऐकले गेले नाही तर दुसऱ्यांदा ठणकावून सांगावे, असा दंडक असतो. सर्व आटोपल्यावर, रुग्ण वाचो वा न वाचो, मंडळी क्षणभर थांबून काय चांगले झाले आणि काय चुकले ते बोलतात.

हे सारे वरवरचे शिष्टाचार आहेत, असे कुणास वाटेल. परंतु अमेरिकेतील नऊ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत एक अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या विभागांना एकत्र काम करण्याचे असे शिक्षण दिले गेले, तेथील निरीक्षणात आढळलेल्या चुकांचे प्रमाण ३०.९ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आले. कोणतेही नवे औषध नव्हते, कोणतेही नवे यंत्र नव्हते. माणसे एकमेकांचे ऐकू लागली होती.

आपल्या दाराशी

आपल्या देशात तातडीच्या वैद्यकाला पदव्युत्तर शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता २००९ साली मिळाली. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्या गाडीच्या चालकाला ‘पायलट’ म्हणतात, आणि वर सांगितलेला इतिहास पाहता हा शब्द अर्थपूर्ण वाटतो. तरीही गर्दी अफाट, खाटा अपुऱ्या आणि ‘साहेब’ हा शब्द जिभेवर फार रुळलेला. वरिष्ठांना उलट विचारणे म्हणजे उद्धटपणा, हे संस्कार आपण घरातूनच देतो.

आम्ही हे का लिहितो? कारण त्या दाराआड आपलीच मुले-मुली आहेत. आपल्या समाजातील कित्येक घरांनी परिचारिका दिल्या आहेत, धर्मभगिनी दिल्या आहेत, प्रयोगशाळेत व क्ष-किरण विभागात काम करणारे तंत्रज्ञ दिले आहेत. २०२० सालच्या महामारीत यांतील अनेकजणी पांढऱ्या पोशाखात पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या होत्या. चेहरे दिसेनात, तेव्हा रुग्णालयांतून सेवकांनी पोशाखावर छातीपाशी आपापली नावे लिहून घेतली. त्या दिवसांत वरिष्ठ डॉक्टरांनाही प्रत्येकाला नावाने हाक मारावी लागली. संकटाने शिकविलेली ही रीत संकटाबरोबर जाऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

तेव्हा आपल्या घरातील परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला आपण एवढे अवश्य सांगावे, की रुग्णासाठी बोलणे हा उद्धटपणा नव्हे. ते तिच्या व्रताचाच भाग आहे. आणि आपल्या घरातील मुलगा डॉक्टर होत असेल, तर त्यालाही सांगावे, की ज्या दिवशी वॉर्डातील मावशी तुला भीतीविना ‘डॉक्टर, जरा इकडे पाहा’ असे म्हणू शकेल, त्या दिवशी तू खरा प्रमुख झालास. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आपणां सर्वांनाही एक पथ्य पाळता येईल. राग अनावर झाला तरी दाराशी भेटणाऱ्या पहिल्या कनिष्ठ माणसावर तो काढू नये. आतल्या रुग्णाचा प्राण कदाचित त्याच माणसाच्या सावधपणावर टिकून असतो.

दरवर्षी पवित्र गुरुवारी आपण मंदिरात एक दृश्य पाहतो. धर्मगुरू झग्यावरचे वस्त्र उतरवून ठेवतात, कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि बारा जणांच्या पायांशी गुडघे टेकतात. ज्या रात्री प्रभूने हे केले, ती संकटाची रात्र होती. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होते. हाताशी वेळ थोडा होता आणि शिष्य गोंधळलेले होते. अशा वेळी गुरूने आपली जागा निवडली, ती पायांशी. पेत्राने हरकत घेतली, तेव्हा त्याचे म्हणणे त्याने ऐकून घेतले आणि त्याला समजावले. रुग्णालयातील तो प्रमुख मध्यरात्री खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात हे दृश्य असेलच असे नाही. त्याचा धर्मही कदाचित निराळा असेल. परंतु दाराबाहेर जपमाळ ओढीत बसलेल्या आपल्याला ते आठवावे आणि आपल्या प्रार्थनेत खाटेवरच्या माणसाबरोबर खाटेभोवतीच्या प्रत्येकाला स्थान मिळावे.